सतराशे अठरा पिना

चुंगली स्टेशनासमोर, संगणक-बाजाराच्या तिसऱ्या मजल्यावर
चुंग फुंगमेई काउंटरवर कोपरं टेकून उभी.
वय एकसष्ट. पिशवीत मुळ्याची जुडी,
मुठीत चिठ्ठी, मुलाने सिंगापुरातून सांगितलेली:
आठ कोअर पुरेत. बोर्ड पोरगा देईल तो घे.

पोरगा म्हणजे ल्याओ कुआन-थिंग. केस जांभळे.
"काकू, गेम खेळणार?"
"नाही. आईला ऐकते."

एक्केचाळीस तासांच्या कॅसेटी,
आई गेली त्याआधीच्या दोन हिवाळ्यांतल्या.
हक्का बोलीतली शेजारणींची उणीदुणी,
मोहरीची पानं मुरवायची रीत,
कुणाच्या डुकराने कुणाची रताळी उकरली तो खटला,
आणि या सगळ्यामागे एका पंख्याची घरघर.
ती घरघर काढणारा प्रोग्रॅम
जुन्या मशीनवर चौदा टक्क्यांना जाऊन बसतो
रुसलेल्या जावयासारखा.

पोरगा समजावतो:
नवा प्रोसेसर घ्याल तर जुन्या बोर्डात बसणार नाही.
बोर्ड बदलाल तर जुनी रॅम चालणार नाही.
आणि हा कूलर, काकू, हा तर...
चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.
तिच्या बोलीतही असं काही असणार,
कारण ती हसली.

आपण मदरबोर्ड म्हणतो.
तिच्याकडच्या शब्दात आई नाही,
नुसता मुख्य यंत्राचा पाट.

खोक्यावरचं ती वाचतच नाही.
पाट उचलते, ट्यूबलाइटखाली तिरका धरते,
कडेने नजर फिरवते, तांदूळ निवडावेत तशी.
बावीस वर्षं, ताओयुआनला, सातव्या लाइनची शेवटची खुर्ची:
भिंगाखालून अकरा सेकंदांना एक.
तेव्हा हिरवे होते. आता सगळे काळे, सुतकात असल्यासारखे.
लाइन समुद्रापलीकडे गेली.
खुर्ची इथेच राहिली, भंगारात.

"तो खालचा?"
"तो परत आलाय. निम्म्यात देईन, पण चालत नाही म्हणे."

तिने सॉकेटवरचं झाकण उचललं.
सतराशे साठ नव्हे, नेमक्या सतराशे अठरा पिना,
एकाच वाऱ्याने कललेलं भात जणू.
आणि त्यात, डावीकडून तिसऱ्या ओळीत,
एकच रोप उलटं.

पोऱ्याने चिमटा पुढे केला. तिने नाही म्हटलं.
बिलाच्या वहीवरची त्याची पेन्सिल घेतली,
शिसं झटकून टाकलं,
आणि ते पोकळ टोक त्या एका पिनेवर अलगद चढवलं.
गिगाहर्ट्झचं बोलणं थांबलं.
शेजारच्या दुकानात कुणीतरी कीबोर्ड बडवून बघत होतं, तेवढाच आवाज.
"झालं," ती म्हणाली. मग पुन्हा पाहिलं. मग पुन्हा.

वाचलेल्या पैशांत बारा कोअर घ्या, पोरगा म्हणाला.
आठच दे. रॅम दुप्पट कर.

रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर
प्रोसेसर ठेवून तिने दांडी दाबली, ती करकरली,
आणि बावीस वर्षांत कधी नाही अशी ती घाबरली.
पेस्ट वाटाण्याएवढी. पंखा. चार स्क्रू.
बटण.

पडदा काळा.
बोर्डाच्या कडेला रॅमपाशी एक पिवळा दिवा.

फोनवर जांभळ्या केसांचा आवाज:
"काकू, बंद करू नका हं.
पहिल्यांदा मेमरीला जुळवून घ्यायला वेळ लागतो.
मिनिटं लागतात. काहींना जास्त."

हे तिला ठाऊक नव्हतं.
तिच्या हातून पाट खोक्यात जायचे
काही लक्षात ठेवायची वेळ येण्याआधीच.

तिने मुळा सोलायला घेतला.
ती पिन असेल का? की दुसरीच कुठली, न दिसलेली?
किती पाटांवर तिने बरोबरचा शिक्का मारला होता,
अकरा सेकंदांत.

चौथं मिनिट.
नवा पंखा फिरतो आहे, जवळजवळ बिनआवाजी.
दिवा अजून पिवळाच.